मेणाखालची टिंबे

"पिशवी हवी का, मॅडम?"

"नखट."

"काय?"

*

थाळा. कांस्य. काठ उभा, एका जागी चेपलेला. मध्यभागी काळ्या मेणाचा कडक गोळा. प्राप्तिस्थान : सूर्यमाळ, तालुका मोखाडा, असे विक्रेत्याचे म्हणणे.

*

मोखाड्याच्या स्टँडवर जीपवाला म्हणतो, अजून दोन शिटा येऊ द्या. दोन शिटा येतात. तो म्हणतो, अजून दोन.

*

प्रसादच्या तेराव्याला पंगतीत कुणीतरी विचारले, दुकानातली भांडी कुठे गेली? कुणीतरी सांगितले, नाशिकचा माणूस टेम्पो घेऊन आला होता. मग जिलबी आली.

*

जुन्या मेणाला धुराचा वास असतो. बोटांना लागला की साबणाने जात नाही.

*

गल्ल्यावरची मुलगी बघत राहिली. मागे रांग होती. विद्युल्लताने मान हलवली, हाताने नाही म्हटले आणि साबण, दही, बिस्किटांचा पुडा छातीशी धरून ती ठाण्याच्या त्या मोठ्या दुकानातून बाहेर पडली. उन्हात आल्यावर तिला कळले की आपण पिशवी नको म्हणालो ते घरच्या दुकानाच्या बोलीत. दही हातातून निसटत होते. पुलाखाली एक माणूस मोबाइलचे कव्हर विकत होता, एक बाई रिक्षावाल्याशी भांडत होती, सगळ्यांना सगळ्यांचे कळत होते. नखट म्हणजे नाही, हे मात्र या रस्त्यावर, या शहरात आणि बहुधा जगात आता तिच्या एकटीच्याच डोक्यात होते. तिच्या आजोबांनी जव्हारच्या बाजारात भांड्यांचे दुकान घातले तेव्हा गिऱ्हाइकासमोर आपसात बोलता यावे म्हणून काही शब्द घडवले होते. टिव म्हणजे वाजवल्यावर आवाज धरून ठेवणारे भांडे. बुस म्हणजे तडा गेलेले, मुके. घोंगडे म्हणजे बसले की उठत नाही असे गिऱ्हाईक, आणि चंदन लाव म्हणजे त्याला लवकर वाटेला लाव. असे शंभरएक शब्द असतील. बाकी सगळी मराठीच. त्या शब्दांना खुणाही होत्या; वडील छिन्नीने टिंबे ठोकून त्या भांड्याच्या बुडाशी उमटवत, म्हणजे मोडीत काय पाठवायचे आणि काय ठेवायचे ते कामावरच्या माणसांना न बोलता कळे. आईला ही बोली आवडत नसे. माणसाच्या तोंडावर त्याच्याबद्दल बोलायचे आणि त्याला कळू द्यायचे नाही, हे तिला पटत नसे. तरी वडील जेवताना तिच्या भावाला म्हणायचे, प्रसाद, आज आमटी बुस आहे, आणि आई वर न बघता म्हणायची, उद्या तुम्ही करा टिव. आधी वडील गेले, मग आई. प्रसाद फोनवर कधी हॅलो म्हणाला नाही. "टिव की बुस?" एवढेच विचारायचा. ती म्हणायची, टिव. बहुतेक वेळा ते खोटे असायचे, आणि प्रसादला ते कळत असावे, कारण तो पुढे काही न विचारता जव्हारच्या पावसाबद्दल बोलू लागायचा. गेल्या पावसाळ्यात तो गेला. त्यानंतर तिला कुणी ते विचारले नव्हते. कशी आहेस, असे पुष्कळांनी विचारले.

थाळा तिच्या टेबलावर आला तो याच दिवसांत. धातूच्या जुन्या वस्तू साफ करायच्या, त्यांच्यावर अक्षरे असली तर ती उतरवून घ्यायची, हे तिचे त्या खाजगी संग्रहालयातले काम. तिने गरम हवा सोडून मेण मऊ केले आणि बांबूच्या चपट्या काडीने गोळा उचलला. कामाची रीत तीच होती. वरचा थर म्हणजे मळ, खालचे खरे. गोळा तिने कचऱ्यात टाकला. खाली टिंबे होती, छिन्नीने ठोकलेली, ओळीने मांडलेली. आधी पक्ष्याच्या पावलासारखी एक खूण, मग पोटात आडवी रेघ असलेले वर्तुळ, मग उलटी कोयती. टिंबांच्या खळग्यांत मेण भरून राहिले होते. ते तिने तसेच ठेवले, काळे राहिले की फोटोत खूण उठून दिसते म्हणून. असे तिने स्वतःशी म्हटले. खरे म्हणजे तिचा हात थांबला होता. पक्ष्याचे पाऊल म्हणजे टिव. रेघ पोटात घेतलेले वर्तुळ म्हणजे नखट. कोयती म्हणजे मोड. टिव आहे, मोडायचा नाही. तिच्या वडिलांची छिन्नी डावीकडे झुकायची, कारण त्यांच्या उजव्या डोळ्याला कमी दिसत असे. सगळी टिंबे डावीकडे झुकलेली होती.

संग्रहालय चालवणारा चैतन्य तिच्यापेक्षा पुष्कळ लहान होता आणि उत्साहाने त्याचे कान लाल होत. त्याने भिंग घेतले, फोटो घेतले, माणसे बोलावली. "ताई, ही ब्राह्मी नाही, मोडी नाही. बाहेरून आलेली कुठली दिसत नाही. धातू तर नक्की जुना आहे. ही एखादी मेलेली भाषा असेल तर? डोंगरात कुणीतरी लिहीत होतं आणि आपल्याला पत्ता नाही!" पुण्याहून दोन विद्वान आले. एक बाई दिल्लीहून दिसल्या, भिंतीवरच्या पडद्यावर. सगळे त्या तीन खुणांवर वाकले. विद्युल्लता कोपऱ्यात उभी राहून बघत होती आणि तिने काहीही सांगितले नाही. सांगायचे ते एका वाक्यात होते. पण प्रसादच्या तेराव्यानंतर कुणी त्यांच्या घराबद्दल एक शब्द काढला नव्हता, दुकान विकले गेले, भांडी मोडीत गेली. आणि आता ही अनोळखी, शिकलेली, हळू आवाजात बोलणारी माणसे तिच्या वडिलांच्या टिंबांवरून बोट फिरवत होती, पक्ष्याच्या पावलाला सूर्य म्हणत होती, कोयतीला चंद्र. ती रोज सकाळी लवकर येऊ लागली. खोलीत कुणी नसताना थाळ्यासमोर बसायची. वाचायची. वाचायला क्षणसुद्धा लागत नसे, म्हणून पुन्हा वाचायची. वाचता येणारी आपण एकटी, हे आठवून तिला आधी ऊब वाटे आणि लगेच पायाखालची फरशी गार लागे.

"तुम्ही तिकडच्याच ना?" चैतन्य म्हणाला. "जाऊन येता का सूर्यमाळला? थाळा कुणाच्या घरातला, कशासाठी वापरत, एवढं कळलं तरी लेख पूर्ण होईल." ती तिकडची नव्हती. ती जव्हारच्या बाजारातली. लहानपणी सूर्यमाळ म्हणजे वर. तिथली माणसे डोक्यावर कांशाची भांडी घेऊन खाली येत आणि स्टील घेऊन वर जात. वर काय आहे ते बघायला तिच्या घरातले कुणी गेले नव्हते. एसटी जव्हारच्या बाजारातून गेली तेव्हा तिने खिडकीतून दुकान शोधले. तिथे मोबाइलची दुरुस्ती होती, चार्जरच्या वायरी दारात तोरणासारख्या लोंबत होत्या. वडील याच दारात उकिडवे बसून आलेल्या प्रत्येक भांड्यावर वाकवलेल्या बोटाने टिचकी मारत आणि डोळे मिटत. गिऱ्हाइकाला वाटे, म्हातारा देवाचे नाव घेतोय. मोखाड्याला बस बदलायची म्हणून उतरली तर पुढची बस नव्हती. जीप होती. कोंबलेल्या माणसांत बसून ती वर गेली. दोन्ही बाजूंना शेतातले नुसते खुंट उरले होते आणि पाड्यांच्या विहिरींजवळ रिकाम्या हंड्यांच्या ओळी. शेवटच्या थांब्याला उतरून तिने पाण्याच्या टाकीपाशी उभ्या असलेल्या एका तरुण बाईला मोबाइलवर फोटो दाखवला. ती बाई, प्रमिला तिचे नाव, फोटोकडे बघून एकदम मागे सरकली. "हा आमचा हाय," ती म्हणाली. "आत्याला दावू नका. नाय, दावाच."

प्रमिलाने अंगणात खुर्ची टाकली. लाल, प्लास्टिकची. तिची सासू रुपी जमिनीवर बसून नाचणी पाखडत होती. तिने वर बघितले.

"बस, बाय. थाळ्यावरच बस."

विद्युल्लता अर्धी बसलेली तशीच राहिली.

"आत्या, पाहुणी हाय ना," प्रमिला म्हणाली.

"मंग? खोटा बोलली का मी? मी जामसरला लेकीकडं. मांगं टेम्पोवाला आला, बोलला पुराना दो, नया लो. माज्या लेकानं थाळा देला न् दोन खुर्च्या घेतल्या. मी आली तं दारात खुर्च्या. मी बोलली, नितीन, आथा ह्या वाजव."

दाराच्या आतून नितीनचा आवाज आला. "आये, बाबा गेल्यापास्नं पडूनच होता ना त्यो."

"पडून नवता. त्याच्यासाठीच थांबलेला."

लाडक्या, रुपीचा नवरा, भाताची कापणी झाल्यावर गेला. आसपासच्या पाड्यांवर कुणी मेले की लाडक्याला बोलावत. तो थाळा उपडा न घालता तसाच जमिनीवर ठेवी, मधल्या मेणात एक लांब काडी उभी करी, आणि ओल्या चिमटीने ती काडी वरून खाली ओढत राही. थाळा घुमू लागे. त्या घुमण्यावर तो मेलेल्याला वाट सांगे, कुठली नदी, कुठला डोंगर, पूर्वज कुठे बसलेत. सांगण्याची बोली फार जुनी. "आमाला निम्मी कळं," रुपी म्हणाली. "मेलेल्याला आख्खी कळं." आता लाडक्यालाच वाट सांगायची राहिली होती. त्याने शिकवलेला सोम्या सांगणार होता, नव्या पेरणीच्या आत. थाळा आला तर.

विद्युल्लताने मोबाइल पुढे केला. रुपीने तो दोन्ही हातांत धरला. चेपलेल्या काठावर तिचे बोट गेले, जणू तो चेप काचेवर हाताला लागणार होता. मग बोट मधे आले.

"मेण कुठं?"

"काढलं, मावशी. साफ करताना."

"काढलं तं ठेवलं कुठं?"

"टाकलं."

रुपी ओरडली असती तर बरे झाले असते. तिने सूप बाजूला ठेवले आणि पदराने तोंड पुसले. नितीन दारात येऊन उभा राहिला होता, त्यानेही मान खाली घातली. "त्याच्यात बुध्याचा मेण होता," रुपी हळूहळू म्हणाली, जशी एखाद्या पोराला समजावते. "बुध्या लाडक्याचा गुरू. बुध्याच्यात त्याच्या गुरूचा. गुरू गेला का त्याच्या थाळ्यातला नखाएवढा काढायचा, नव्या मेणात घालायचा. तवा थाळा बोलतो. नुसत्या नव्या मेणाला वाट कशी म्हाईत असंल? आख्ख्या डोंगराला वाट दावली त्यानं. आथा त्यालाच कोन दावंल?"

विद्युल्लताच्या बोटांना धुराचा वास अजून होता. वरचा थर म्हणजे मळ. किती वर्षे तिने असे थर काढले असतील, समयांवरचे, घंटांवरचे, देवांच्या पायांवरचे, आणि प्रत्येक वेळी खालची अक्षरे नीट उतरवून घेतली, तारीख घातली, सही केली. काहीतरी बोलायला हवे होते म्हणून ती म्हणाली, "खाली खुणा निघाल्या. त्या आहेत," आणि फोटो मोठा करून दाखवला.

रुपीने डोळे बारीक केले. मग ती हसली. आधी नाकातून, मग सगळ्या अंगाने.

"हे तं जव्हारच्या भांडीवाल्यानं ठोकलेलं! लाडक्याच्या भावानं मेण घरी काढून ठेवला न् थाळा मोडीत नेला, दारूच्या पायी. आमी दोघं पळत गेलो खाली. म्हातारा बोलला, मी तं मोडतच नवतो, हे बघ, ठोकून ठेवलंय. लाडक्या भांडला त्याच्यासंगं, माजा थाळा नासवला म्हनून. तं बोलतो, मेणाखाली कोन बघतंय? न् त्याच्या पोराला बोलला, टिव हाय, नखट मोड."

कुठेतरी कोंबडी ओरडली. विद्युल्लता पुढे सरकली.

"तुम्हाला कळलं ते? टिव म्हणजे काय ते?"

"कळाया काय झालं? त्यांला वाटं, आमाला नाय कळत. आमी कळू देत नवतो. मना एकदा घोंगडं बोलला म्हातारा. मी मंग मुद्दाम बसून रायली, दिवस कलला तरी. घरी येताना साऱ्या बाया बोलत येवं, चंदन लाव गं हिला, चंदन लाव, न् हसत येवं. पार घाट चढून होई." ती थांबली. "तू कोन?"

"त्यांची मुलगी."

"जाडी वेणी होती ती?"

"हो."

दुकानाचा उंबरा, त्याच्या आत ते चौघे, बाहेर डोक्यावर भांडी घेऊन उभ्या असलेल्या बाया, आणि मधे ती बोली, भिंतीसारखी. भिंत नव्हतीच. इतकी वर्षे ते चौघे सगळ्यांसमोर उघड्यावर बोलत होते. आधी तिला लाज वाटली, मग त्या लाजेचे दुसरेच काहीतरी झाले. तिला तहान लागल्यासारखे झाले. अजून एक शब्द ऐकायचा होता, कुठलाही, दुसऱ्या माणसाच्या तोंडून. तिने विचारले, आणि आवाज तिचा नव्हता, प्रसादचा होता :

"टिव की बुस?"

रुपीने तिच्याकडे नीट बघितले.

"कोन? मी? मी बुस, बाय. म्हातारा गेल्यापास्नं. तू?"

"बुस," विद्युल्लता म्हणाली.

प्रमिला आळीपाळीने दोघींकडे बघत राहिली. रुपीने सूप पुन्हा मांडीवर घेतले, पाखडले नाही. तिचे बोट मोबाइलच्या काचेवरच होते.

"ही टिंबं काळी कशानं?"

"आत मेण आहे. तेवढं राहिलंय."

"नखाएवढं?"

"असेल. सगळ्या टिंबांतलं मिळून असेल."

"मंग आन," रुपी म्हणाली आणि नाचणी पाखडू लागली.

परत आल्यावर तिने चैतन्यला सांगितले तेव्हा त्याने आधी दार लावले. लेख त्याने तिची वाट न बघता पाठवून दिला होता. "ताई, तुमच्या वडिलांचं अक्षर आहे असं तुम्ही म्हणता. पण ती भाषा येणारं दुसरं कुणी आहे का? एका माणसाच्या शब्दावर मी कसं मागे घेऊ?"

"दुसरं आहे," ती म्हणाली. हे वाक्य तिच्या तोंडाला नवे होते. "सूर्यमाळला एक बाई आहेत. ठोकलं तेव्हा समोर होत्या. मी खुणा कशा वाचते ते त्यांना सांगितलं नव्हतं, त्यांनीच वाक्य सांगितलं." आणि तिने जुन्या पातेल्याचा फोटो ठेवला, तिच्या स्वयंपाकघरातल्या, बुडाशी तेच पक्ष्याचे पाऊल, डावीकडे झुकलेले. चैतन्य पुष्कळ वेळ दोन्ही फोटो शेजारी धरून बसला. कान पांढरे पडले होते. "तुम्हाला पहिल्याच दिवशी कळलं होतं?" "हो." का सांगितले नाही, हे त्याने विचारले नाही. चांगला मुलगा. थाळा संग्रहातून कमी करायला त्याने संग्रहालयाच्या मालकांशी भांडण काढले आणि ते मान्य करून घेतले. मग एक दिवस रेकॉर्डर घेऊन आला. "ती बोली तरी ठेवू या, ताई. शंभर शब्द म्हणालात ना? बोला." ती बोलायला बसली. समोर लाल दिवा. नाही म्हणजे? नखट. चांगले भांडे म्हणजे? टिव. शब्द एकेक करून बाहेर येत आणि टेबलावर पडत. त्यांना गिऱ्हाईक लागत होते, उंबरा लागत होता, आईचे न बघता बोलणे लागत होते. बारा-पंधरा शब्दांनंतर ती म्हणाली, पुरे, पाणी पिते.

थाळा तिने चादरीत गुंडाळून मांडीवर नेला. सूर्यमाळला अंगणात सोम्या वाट बघत होता, मधल्या वयाचा, भिवंडीच्या गोदामातली रजा काढून आलेला, कंपनीचा निळा शर्ट अंगात. त्याने बाभळीच्या काट्याने एकेक टिंब उकरले. आधी पक्ष्याचे पाऊल, मग वर्तुळ, मग कोयती. निघालेले काळे कण रुपीने आपल्या अंगठ्याच्या नखावर घेतले. नख भरले नाही. तिने ते सोम्याच्या तळव्यावरच्या पिवळ्या नव्या मेणात दाबले, आणि सोम्याने बराच वेळ मळून गोळा थाळ्याच्या मधोमध बसवला. खुणा गेल्या. विद्युल्लता लाल खुर्चीवर बसून हे बघत होती. दुसऱ्या खुर्चीवर पाण्याचा हंडा होता.

"रहा," रुपी म्हणाली. "बस घोंगडं होऊन."

"जीप जाईल, मावशी."

जीप गेली असती तर दुसरी मिळाली असती, हे दोघींनाही माहीत होते. पण वाट लाडक्याला दाखवायची होती, आणि अंगणात त्याचीच माणसे जमत होती, हात जोडून, हळू, एकमेकांशी तिला न कळणारे बोलत. रुपीने तिला पाड्याच्या टोकापर्यंत सोडले. उतारावर ती अर्धी आली तेव्हा मागे घुमायला लागले. आधी मधमाशीसारखे, मग जमिनीतून आल्यासारखे. ती थांबली नाही. प्रसादच्या वेळी भटजी संस्कृतातून बोलले होते, नीट, घाई न करता. प्रसादला त्यातले काय कळले असेल कोण जाणे. जीपमध्ये शिटा भरेपर्यंत आवाज ऐकू येत होता, मग ड्रायव्हरने इंजिन चालू केले. शेजारी एक माणूस मांडीवर कोंबडा घेऊन बसला होता.

"टिव की बुस?" ती खिडकीकडे तोंड करून म्हणाली.

"काय बोलल्या, बाई?"

"काही नाही."

हाताला धुराचा वास होता.

संग्रहालयात थाळा आला त्या सकाळी, मेणाला हात लावायच्या आधी, विद्युल्लताने बोट वाकवून काठावर टिचकी मारली होती. थाळा टिव होता.